बानसाहेबांचा एक तास

ओकरानबाईंच्या गळ्यात गाठ निघाली, डॉक्टरांनी ऑक्टोबरच्या एकवीस तारखेला शस्त्रक्रिया ठरवली, आणि घरी आल्यावर चपला काढता काढताच त्यांनी नवऱ्याला दोन गोष्टी बजावल्या. पहिली, ही बातमी दाराबाहेर जाता कामा नये. दुसरी, एकवीस तारखेच्या आत त्याने आपल्यासाठी एक तास प्रार्थना करायची. एकच तास, पण सलग, आणि त्या तासात दुसरा कसलाही विचार मनात आणायचा नाही.

"एवढंच ना?" बानसाहेब म्हणाले. तीस वर्षं चर्चच्या मंडळीत काढलेला, त्यातली बारा वर्षं डीकन म्हणून तिचा कारभार पाहिलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

गाठ फार वाईट नव्हती. डॉक्टरांना काळजी होती ती तिच्या शेजारच्या नसेची. ती नस आवाजाची. बहुतेकांचा आवाज शाबूत राहतो, पण काहींचा बसतो आणि काहींचा बसलेला उठतच नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. ओकरानबाई सव्वीस वर्षं चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीच्या रांगेत उभ्या होत्या. दवाखान्यात त्या रडल्या नाहीत. घरी येताना बसमध्ये मात्र काहीतरी गुणगुणत होत्या आणि मध्येच थांबल्या. बानसाहेबांनी ते ऐकलं आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

बातमी लपवायची ती यॉमबाईंपासून. यॉमबाई म्हणजे मंडळीच्या भेटपथकाच्या प्रमुख. कुणी आजारी असल्याचा त्यांना वास जरी लागला तरी दुसऱ्या दिवशी अकरा बायका गीतपुस्तकं आणि फळांच्या रसाची खोकी घेऊन दारात उभ्या राहतात. मग सगळ्यांना फळं कापून द्यायची, चार गीतं म्हणायची, आणि प्रत्येकीच्या त्या चुलत बहिणीची हकिकत ऐकायची, जिची हीच शस्त्रक्रिया झाली होती आणि जी नंतर पूर्वीसारखी कधी राहिलीच नाही. "मला गाठीची भीती नाही, यॉमबाईंची आहे," असं ओकरानबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं.

बानसाहेब छोंगजू शहराच्या पाणीपुरवठा खात्यात उपविभागप्रमुख होते. काम अंगावर घेतलं की त्याचा फडशा पाडायचा, हा त्यांचा बाणा. दुसऱ्याच दिवशी ते पहाटे पाचच्या प्रार्थनेला चर्चमध्ये हजर झाले. तिथली पद्धत अशी, की पाळकसाहेबांनी खूण केली की सगळ्यांनी मिळून "प्रभो" अशी तीनदा आरोळी ठोकायची आणि मग ज्याने त्याने आपापलं गाऱ्हाणं मोठ्याने मांडायचं. दोनशे माणसं एकदम बोलू लागली की कोणाचं कोणाला कळत नाही, असं म्हणतात. पण बानसाहेबांच्या बरोबर मागच्या बाकावर यॉमबाई बसत, आणि त्यांना या गलक्यातूनही वेचून ऐकायची कला साधली होती. बानसाहेबांनी अर्धा तास जगाच्या शांततेसाठी प्रार्थना केली आणि ते परत आले.

मनातल्या मनात करावी, तर ते त्यांना जमत नसे. तीस वर्षांची सवय मोठ्याने बोलायची. तोंड मिटलं की त्यांचं मन सरळ कचेरीत जाई आणि दक्षिण विभागाच्या गळक्या जलवाहिन्यांपाशी जाऊन बसे. तेव्हा प्रार्थना घरीच करायची आणि ती तोंडाने करायची, असं ठरलं.

घरी दिवाणखान्याच्या छतात सोसायटीच्या कार्यालयाचा भोंगा होता. असा भोंगा प्रत्येक घरात असतो आणि तो बंद करता येत नाही. बानसाहेबांनी गुडघे टेकले, "प्रभो" म्हटलं, आणि वरून उत्तर आलं की एकशे चार नंबरच्या इमारतीसमोर आडवी लावलेली पांढरी गाडी मालकाने ताबडतोब हलवावी. गाडी त्यांचीच होती. ती हलवून आल्यावर फोन वाजायला लागला. मंडळीच्या गटात रोज सकाळी फुलांच्या चित्रासह एक वचन येतं आणि त्याखाली शंभर जण एकामागून एक "आमेन" लिहितात. फोन बंद केला, तर ओकरानबाई मुळ्याची टोपली घेऊन आल्या आणि "तुम्ही चालू द्या हं," म्हणत शेजारीच किसायला बसल्या.

आणि मग त्यांना ती खोली आठवली. स्वयंपाकघरामागच्या सज्जात, भिंतीच्या टोकाला, आग लागली तर जीव वाचवायला एक खोली असते. चार हात लांब, तीन हात रुंद, जाड लोखंडी दार, वर एक छोटी खिडकी. कायद्याने ती रिकामी ठेवायची असते, त्यामुळे अर्थातच प्रत्येकाच्या घरात ती शिगोशीग भरलेली असते. बानसाहेबांनी एका शनिवारात ती रिकामी केली. आतून मुरवलेल्या भाजीच्या, किमचीच्या, सात बरण्या, दोन पंखे, मोडकं व्यायामाचं यंत्र, लग्नातली गादी आणि कुणाच्याही ओळखीची नसलेली एक छत्री निघाली. छत्री खाली कचऱ्यात गेली आणि बाकी सगळं दिवाणखान्यात आलं. ओकरानबाईंनी बरण्यांमधून वाट काढत दूरचित्रवाणीपर्यंत जाऊन पाहिलं आणि त्या काही बोलल्या नाहीत.

मात्र इमारतीचे पहारेकरी गू काका बोलले. कचरा वेगळा करायच्या जागी उभे राहून त्यांनी छत्रीची चौकशी केली, मग खोलीची केली, आणि कार्यालयाची परवानगी काढून ठेवा, नाहीतर अग्निशमनवाले तपासणीला आले की पंचाईत होईल, असा पोक्त सल्ला दिला. बानसाहेब स्वतः सरकारी माणूस. परवानगी म्हटल्यावर त्यांचे पाय आपोआप कार्यालयाकडे वळले. न विचारता बसले असते तर पुढचं सगळं टळलं असतं.

कार्यालयाच्या प्रमुख तांगबाई नियमावली उघडूनच बसल्या होत्या. त्या खोलीत काहीही ठेवता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

"मी काही ठेवणार नाही. मी स्वतः बसणार."

"किती वेळ?"

"एक तास."

"आग लागलेली असताना?"

"नसताना."

तांगबाईंनी दोन पानं उलटली. आग असताना माणसाने आत बसावं असं नियमात होतं, वस्तूंनी कधीच बसू नये असंही होतं, पण आग नसताना माणसाने बसावं की नाही याबद्दल नियमावली गप्प होती. त्यांनी अर्ज पुढे केला. 'उद्देश' या रकान्यात बानसाहेबांनी 'वैयक्तिक' लिहिलं. ते चालेना. 'आध्यात्मिक' लिहिलं, तर मेळावा भरवायचा असल्यास वेगळा अर्ज लागेल, असं कळलं. एकट्या माणसाचा मेळावा होत नाही, हे पटवून देण्यात पाऊण तास गेला. शेवटी तांगबाईंनीच तोडगा काढला आणि 'आपत्कालीन आसऱ्याचा वैयक्तिक सराव' असं लिहून शिक्का मारला. अट एकच होती. सराव चालू असताना सुटकेची खिडकी पूर्ण उघडी असली पाहिजे.

बानसाहेब शिक्क्याचा कागद घेऊन ताठ मानेने घरी आले. दाराची मूठ ढिली होती, तीही त्यांनी नवी आणून स्वतःच बसवली. ओकरानबाई म्हणाल्या, एखादा मिस्त्री बोलवा. पण सबंध शहराच्या नळजोडण्या तपासणाऱ्या माणसाला दाराची मूठ बसवता येत नाही, हे म्हणणं त्यांना झोंबलं. मूठ बसली. थोडी डुगडुगत होती, पण बसली. दार लावून ते आतून तीनदा गरजले आणि बाहेर येऊन त्यांनी विचारलं, ऐकू आलं का? स्वयंपाकघरात ओकरानबाईंना काहीच ऐकू आलं नव्हतं. दार खरोखर उत्तम होतं, आणि त्या दारापुढे खिडकीची आठवण कोणालाच झाली नाही.

रोज संध्याकाळी साडेसहाला सराव सुरू झाला. फोन बाहेर ठेवायचा, हातातलं घड्याळ समोर मांडायचं, तीनदा "प्रभो" म्हणून सुरुवात करायची. पाळकसाहेबांची शिकवण अशी होती की देवाला सगळं ठाऊक असतंच, तरी मागणाऱ्याने मोघम मागू नये, नाव, ठिकाण, तारीख सांगून मागावं. बानसाहेबांना ही शिकवण फार मानवली होती, कारण कचेरीत ते पत्रं याच पद्धतीने लिहीत. सो ओकरान, वय त्रेपन्न, सातवा मजला, सातशे तीन; थायरॉइडची डावी बाजू; एकवीस तारीख, सकाळी आठ; सर्जनचं नाव, त्यांचा हात स्थिर राहावा ही विनंती. सदर बाब गुप्त ठेवण्याविषयी तिचा आग्रह आहे, याचीही प्रभूने कृपया नोंद घ्यावी.

एवढं झालं की मन सुटायचं. डाव्या बाजूवरून ते रस्त्याच्या डाव्या बाजूला जाई, तिथून गाडीच्या विम्यावर, विम्याच्या एजंटवरून त्याच्या टक्कलावर. मन भरकटलं की घड्याळ पुन्हा शून्यावर आणायचं, असा त्यांनी नियम केला होता. पहिल्या आठवड्यात मजल चार मिनिटांपलीकडे जाईना. आपल्याच बायकोचा जीव टांगणीला लागलाय आणि आपण टकलाचा विचार करतोय, याची त्यांना खरोखर शरम वाटे, आणि ती ते मोठ्याने कबूलही करत. नवव्या दिवशी सहा मिनिटं भरली. त्यांना इतका आनंद झाला की त्या आनंदातच सातवं मिनिट बाद झालं.

याच सुमाराला शेजारी विलक्षण प्रेमाने वागू लागले. सहाव्या मजल्यावरून भोपळ्याची पातळ पेज आली, गिळायला सोपी. वरच्या आठशे तीनमधल्या आजी कधी कुणाला मीठ द्यायच्या नाहीत, त्यांनी मधात उकडलेल्या नाशपातीची बाटली आणून दिली आणि घशाला बरं असतं म्हणाल्या. ओकरानबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बानसाहेबांनी खांदे उडवले. मग एका सकाळी दोघं खाली उतरली तेव्हा गू काका टोपी काढून म्हणाले, "लिफ्टजवळची गाडीची जागा एकवीस तारखेला तुमच्यासाठी धरून ठेवतो. पहाटेच निघावं लागेल ना?"

ओकरानबाई जिथल्या तिथे थांबल्या. मग वर आल्या, दार लावलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती."

"दोन," बानसाहेब म्हणाले. हे त्यांनी म्हणायला नको होतं.

त्यांनी शपथा घेतल्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत आपण खात्याचं एक गुपित फोडलं नाही, हे सांगितलं. चर्चमधल्या एकालाही अवाक्षर बोललो नाही, हे तर खरंच होतं. ओकरानबाईंचा विश्वास बसला नाही आणि त्यांनी बोलणं टाकलं. जेवण समोर येई, कपडे घडी होऊन येत, पण शब्द नाही. ज्या आवाजासाठी माणूस रोज खोलीत कोंडून घेत होता, तोच आवाज घरात ऐकू येईनासा झाला, आणि कॅलेंडरवर तर मोजके दिवस उरले होते. एकवीस तारखेनंतर हा आवाज राहिलाच नाही तर आपण त्याचे शेवटचे दिवस भांडणात घालवले असं होईल, हा विचार बानसाहेबांची पाठ सोडेना. त्या दिवसांत त्यांची प्रार्थना फार मोठ्याने होई.

अठरा तारखेला, शनिवारी, ओकरानबाई गाण्याच्या सरावाला गेल्या. कदाचित शेवटच्या, पण हे कुणी म्हणालं नाही. बानसाहेबांनी निर्धार केला की आज तास पुरा करायचाच. आत गेले, दार ओढून घेतलं आणि मूठ त्यांच्या हातात आली. पलीकडची अर्धी मूठ बाहेर ठण्णकन पडल्याचं ऐकू आलं. दाराला आतून धरायला काही उरलं नव्हतं. फोन बाहेर होता.

पाच मिनिटं त्यांनी नखांनी खटपट केली. मग टाचा उंचावून खिडकीला तोंड लावलं आणि ओरडले, "कोणी आहे का? मला वाचवा!"

काही नाही. त्यांनी आवाज चढवला. "मी अडकलोय! मला इथून बाहेर काढा!"

वरून आठशे तीनमधल्या आजींचा भरलेला आवाज आला. "आमेन."

बानसाहेब हबकले. डोंगराच्या पायथ्याच्या बुद्धमंदिरात तीस वर्षं दिवे लावणाऱ्या या आजींच्या तोंडून हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. "आजी, आमेन नको," ते म्हणाले. "मला बाहेर काढा."

"काढेल हो, तो काढेल. आज किती कळवळून मागताय. धीर सोडू नका."

"आजी, ही प्रार्थना नाही!"

"असं म्हणू नये," आजी म्हणाल्या, आणि खालून, सहाव्या मजल्यावरूनही, कुणीतरी हुंदका दिल्यासारखं "आमेन" आलं. तेव्हा बानसाहेबांना एकेक करून सगळं कळत गेलं, पेज, नाशपाती, गाडीची जागा, आणि त्यांचे कान तापले. त्यांनी भीत भीत विचारलं, तुम्ही रोज ऐकता? आजींनी सांगितलं की पाचव्यापासून दहाव्यापर्यंत या बाजूच्या सगळ्या खिडक्या साडेसहाला उघड्या असतात. सहाव्या मजल्यावरची तर घड्याळ लावून बसते. सहा मिनिटं भरली त्या दिवशी सगळ्यांना फार बरं वाटलं. त्या विम्यावाल्याचा तेवढा विचार सोडून द्या, असाही सल्ला त्यांनी दिला.

दाराची मूठ तुटली आहे, हे आजींना पटवायला आणखी दहा मिनिटं लागली. कारण बानसाहेब जितकं तपशीलवार सांगत, तितकं ते त्यांच्या नेहमीच्या प्रार्थनेसारखं वाटे. शेवटी आजींनी खाली हाक मारून गू काकांना बोलावलं. पण घराच्या दाराला आकड्यांचं कुलूप, आणि ओकरानबाई सरावाला गेलेल्या, तेव्हा आकडे सांगणारे एकटे बानसाहेबच. तेव्हा सहा मजल्यांच्या श्रोत्यांसमोर, खिडकीतून, अंगणातल्या गू काकांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांना आपल्या घराचे आकडे ओरडून सांगावे लागले. पहिल्यांदा गू काकांना चौथा आकडा नीट ऐकू आला नाही, म्हणून दुसऱ्यांदाही सांगितले. त्याच वेळी शेजारच्या इमारतीतून बाजाराला निघालेल्या यॉमबाई पिशवी घेऊन अंगणात उभ्या होत्या.

ओकरानबाई परत आल्या तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं. दिवाणखान्यात बरण्यांच्या मधोमध गू काका पाना घेऊन उभे होते, आजी लग्नातल्या गादीवर टेकल्या होत्या, यॉमबाई फळांचा रस ओतत होत्या आणि तांगबाई अर्ज उघडून सराव यशस्वी झाला असं लिहायचं की नाही, हे विचारत होत्या. सज्जाच्या दारात बानसाहेब उभे होते, घामाघूम, हातात मूठ.

हकिकत सगळ्यांनी मिळून सांगितली. ओकरानबाई ऐकत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही खरंच कुणाला सांगितलं नव्हतं."

"फक्त प्रभूला."

"खिडकी उघडी ठेवून."

"ती अट आमची होती," तांगबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या.

ओकरानबाई मटकन किमचीच्या बरणीवर बसल्या आणि हसू लागल्या. गळा धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आठ दिवसांनी तो आवाज घरात आला होता, आणि बानसाहेबांना अपमान, घाम, सगळ्याचा विसर पडला. यॉमबाईंनी आपल्या चुलत बहिणीची हकिकत सुरू केली, तेव्हा आजींनी त्यांच्या तोंडात नाशपातीची फोड घातली.

एकवीस तारखेला दवाखान्याच्या बाहेरच्या दालनात बानसाहेब बसले. भिंतीवरच्या पडद्यावर ओकरानबाईंच्या नावापुढे 'शस्त्रक्रिया चालू' असं आलं. एका बाजूला आजी माळ ओढत होत्या, दुसऱ्या बाजूला यॉमबाईंचं अख्खं पथक, आणि इतक्या माणसांत तोंड उघडून प्रार्थना करायची सोय नव्हती. ते उठून जिन्यात गेले. भिंतीला कपाळ टेकवून, अगदी हळू आवाजात, सुरुवात केली. या वेळी तारीख, मजला, सर्जनचं नाव, काही सांगितलं नाही. "तिचा आवाज राहू दे," एवढंच म्हणत राहिले. मध्ये एक सफाईवाल्या बाई बादली घेऊन वर गेल्या, खाली आल्या. मग नातेवाइकांना बोलावणारा भोंगा वाजला आणि बानसाहेब धावले.

ओकरानबाईंचे डोळे अर्धे उघडले होते. गळ्यावर पांढरी पट्टी होती, चेहरा पट्टीइतकाच पांढरा. परिचारिका म्हणाली, त्यांना काहीतरी विचारा, आवाज बघायचा आहे. अठरा दिवस खिडकीतून सहा मजल्यांना ऐकवलेला माणूस नुसता बायकोचा हात धरून उभा राहिला.

ओकरानबाईंनी ओठ ओले केले. "किती झाली?" त्यांनी विचारलं.

आवाज खरखरीत होता, खोल गेलेला होता, पण त्यांचाच होता. बानसाहेब ढसाढसा रडू लागले. साठ म्हणून सांगितलं असतं तरी तिथे घड्याळ लावून बसलेलं कुणी नव्हतं. पण ते म्हणाले, "अकरा मिनिटं."

"सलग?"

"मध्ये एकदा गाडी कुठे लावली ते आठवलं. तेवढंच."

"माझं आयुष्यात कधी सातच्या वर गेलं नाही," ओकरानबाई म्हणाल्या.

बानसाहेबांचं रडणं थांबलं. बायकांच्या प्रार्थनावर्गाला दहा वर्षं शिकवणारी ही बाई. "मग मला एक तास कशाला सांगितलास गं?"

"तास सांगितला म्हणून अकरा झाली. अकरा सांगितली असती तर तुम्ही दोन मिनिटांत उठून माझ्या मागे मागे फिरत बसला असतात, कसं वाटतंय, कसं वाटतंय विचारत. आणि अहो, त्या बरण्या अजून दिवाणखान्यातच आहेत का? पाहुण्यांसमोर..."

"आता पुरे हं," परिचारिका म्हणाली. "यांना बोलू देऊ नका."

"बोलू द्या तिला," बानसाहेब म्हणाले.